एकच डोंगर, दोन उंच्या : हेलिकॉप्टरचे वैमानिक आणि जमिनीवरचे पथक यांच्या संयुक्त सिम्युलेटर प्रशिक्षणाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिककरांना लष्करी प्रशिक्षण हा विषय नवा नाही. गांधीनगरला आर्मी एव्हिएशनच्या वैमानिकांची प्रशिक्षणशाळा आहे, देवळालीला तोफखान्याचे स्कूल आहे आणि ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. या तिन्ही ठिकाणांहून निवृत्त झालेले अनेक जण पुढे नाशिकमध्येच घर करतात. त्यामुळे सिम्युलेटर बनवणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीला इथे सल्लागार शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. हे प्रकरण अंबड औद्योगिक वसाहतीतल्या अशाच एका कंपनीचे आहे. वर उल्लेखलेल्या संस्थांचा त्याच्याशी संबंध नाही. ग्राहक नाशिकबाहेरचा होता. कोणाची ओळख पटू नये म्हणून हेलिकॉप्टरचा प्रकार आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

ग्राहकाकडे दोन वेगवेगळी साधने होती. पहिले होते हेलिकॉप्टरच्या कॉकपिटचे सिम्युलेटर. ते जागेवरून न हलणारे होते, पण त्यात दोन वैमानिकांची आसने, खरी वाटावीत अशी नियंत्रणे आणि समोर रुंद वक्र पडदा होता. दुसरे साधन जमिनीवरच्या पथकासाठी होते. त्यात अर्धगोल पडदा, दुर्बीण, रेडिओ संच आणि धुराचा रंग निवडण्याची सोय होती. हेलिकॉप्टरला जागा दाखवून तिथवर बोलावून घेण्याचा सराव पथकप्रमुखाला त्यावर करता येत असे. दोन्ही साधने वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या पुरवठादारांकडून घेतलेली होती. ती एकमेकांना जोडावीत आणि मागच्या दारातून दोर सोडणाऱ्या सहकाऱ्यासाठी तिसरी जागा तयार करावी, असे काम नाशिकच्या कंपनीकडे आले. दोराने उतरण्याला दलात सगळेच स्लिदरिंग म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे.

ही जोडणी हवी का, यावर ग्राहकाकडे आधी बराच खल झाला होता. त्याच पैशात कॉकपिटखाली सहा दिशांना हलणारा मंच बसवता आला असता, आणि भेटीला येणाऱ्या वरिष्ठांना तो अधिक आवडलाही असता. निर्णय अखेर जोडणीच्या बाजूने लागला. त्यासाठी बैठकीत एप्रिल १९८० मधल्या अमेरिकी मोहिमेचा दाखला दिला गेला. इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेसाठी आठ हेलिकॉप्टरे निघाली, वाळवंटातल्या ठिकाणी त्यातली पाचच वापरण्याजोगी उरली, किमान सहा हवी होती म्हणून मोहीम सोडावी लागली, आणि परत फिरताना उडालेल्या धुळीत एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळून आठ जण मृत्युमुखी पडले. सगळ्या घटकांची एकत्र पूर्ण रंगीत तालीम झालीच नव्हती, यावर नंतरच्या चौकशीत बोट ठेवले गेले. या उलट १९७० च्या नोव्हेंबरात उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय छावणीवर गेलेल्या पथकाने फ्लोरिडात छावणीची प्रतिकृती उभारून महिनोन्‌महिने एकत्र सराव केला होता. तिथे कैदी सापडले नाहीत. त्यांना आधीच हलवले होते. पण हवाई आणि जमिनीवरच्या पथकांचे आपसातले काम चोख झाले. आज अमेरिकेच्या किर्टलँड हवाई तळावर विशेष मोहिमांच्या वैमानिकांना आणि केबिनमधल्या सहकाऱ्यांना सिम्युलेटरवर तयार केले जाते, त्यामागेही हीच धारणा आहे.

अडचण

कोणत्या भूप्रदेशावर सराव करायचा, हा पहिला प्रश्न होता. खऱ्या कामाच्या जागा गोपनीय असल्यामुळे त्या कंपनीला मिळणार नव्हत्या. म्हणून चाचणीसाठी नाशिक-त्र्यंबकच्या डोंगररांगेतला अंजनेरीच्या आसपासचा पट्टा घेण्यात आला. निवड उत्तम होती, कारण कंपनीतले निम्मे लोक तो डोंगर चढून आलेले होते आणि पडद्यावर काही चुकले तर ते डोळ्यांना खटकणार होते. सुमारे १३०० मीटर उंचीचा हा डोंगर, त्याच्या मधल्या पदरावरचे (कड्यांच्या मधल्या सपाट टप्प्यावरचे) अंजनीमातेचे देऊळ आणि तळे, वर बालेकिल्ल्याचा माथा आणि भोवती काळ्या बसाल्टचे कडे, असे सगळे एकाच जागी होते. कठीण जागी कसे उतरवायचे, हे शिकवण्यासाठी त्याहून वेगळे काही शोधावे लागले नसते.

दोन्ही साधनांची ॲक्सेप्टन्स टेस्ट, म्हणजे ग्राहकाने साधन स्वीकारण्याआधीची चाचणी, स्वतंत्रपणे झाली आणि दोन्ही पास झाली. जोडणीच्या प्रात्यक्षिकात हेलिकॉप्टर डोंगरावरून उडत गेले, जमिनीवरच्या पडद्यावर ते योग्य दिशेने आले आणि सर्वांनी समाधान व्यक्त केले. पाहुण्यांना वैमानिकाच्या बाजूच्या पडद्यासमोर बसवले होते, ही बाब त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही.

पहिल्या चाचणी-वर्गाची तयारी सुरू झाली तेव्हा पदरावर हेलिकॉप्टर स्थिर ठेवून पथक दोराने उतरवण्याचा प्रसंग प्रथमच चालवला गेला. जमिनीवरच्या साधनापाशी एक निवृत्त सुभेदार साहेब बसले होते. त्यांना मुद्दाम त्याच दिवशी बोलावले होते. वैमानिकाने रेडिओवर सांगितले की तो पंधरा मीटरवर स्थिर आहे आणि दोर सोडत आहे. सुभेदार साहेबांनी दुर्बीण खाली ठेवली आणि सॉफ्टवेअरचे काम पाहणाऱ्या अभियंता मॅडमना हाक मारली.

“मॅडम, हा पंधरा मीटर म्हणतोय. मला तो पाऊणशे मीटरवर दिसतोय. एवढ्यावरून दोर सोडला तर दोर संपेल आणि माणूस लटकेल.”

“सर, पडद्यात थोडा फरक दिसतो कधी कधी.”

“थोडा नाही. हे झाड बघा आणि त्याचं पोट बघा. मध्ये चार झाडं बसतील.”

कॉकपिटच्या पडद्यावर मात्र सगळे बिनचूक होते. खाली पथक उभे होते, त्यांचे पाय जमिनीला टेकलेले होते आणि हेलिकॉप्टर त्यांच्या डोक्यावर योग्य अंतरावर होते.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, पण ते समजून घेण्यासारखे आहे. एखाद्या जागेची उंची दोन प्रकारे सांगता येते : समुद्रसपाटीपासून, किंवा उपग्रहांच्या हिशेबासाठी पृथ्वीला कल्पिलेल्या गणिती लंबगोलापासून. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसल्यामुळे या दोन पातळ्या जुळत नाहीत. भारतात समुद्रसपाटीची पातळी लंबगोलाच्या खाली राहते आणि नाशिकच्या भागात हा फरक साठ मीटरच्या आसपास जातो. हेलिकॉप्टरच्या साधनातला भूप्रदेश २००० च्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत केलेल्या रडार मोजणीवरून तयार केलेला होता आणि त्यातल्या उंच्या समुद्रसपाटीपासूनच्या होत्या. जमिनीवरच्या साधनातला भूप्रदेश नंतरच्या, अधिक बारीक मोजणीचा होता आणि त्यातल्या उंच्या लंबगोलापासूनच्या होत्या. सिम्युलेटर एकमेकांना जोडण्याच्या डीआयएस या प्रचलित पद्धतीत प्रत्येक वस्तूची जागा पृथ्वीच्या केंद्रापासून मोजून पाठवली जाते. हेलिकॉप्टरच्या बाजूने ते रूपांतर करताना समुद्रसपाटीच्या उंचीलाच लंबगोलापासूनची उंची मानले गेले होते. परिणामी जमिनीवरच्या पडद्यावर हेलिकॉप्टर साठ मीटर जास्त उंच दिसू लागले.

मग वैमानिकाला पथक जमिनीखाली का गडप झालेले दिसले नाही? कारण त्याच्या साधनात एक सोय होती : जमिनीवरची कोणतीही वस्तू येणाऱ्या उंचीकडे न पाहता आपोआप पृष्ठभागावर आणून ठेवायची. चित्र नेटके दिसावे म्हणून केलेल्या या सोयीने चूक एका बाजूला पूर्ण झाकली होती. ज्या बाजूला ती दिसत होती, तिथे त्या दिवसापर्यंत स्लिदरिंग स्वतः केलेले कोणी बसलेच नव्हते.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा उपाय अभियंता मॅडमनी तिथेच सुचवला : दोन्ही साधनांमधल्या दुव्यात साठ मीटर वजा करायचे. हा उपाय वरवर जुगाड वाटला तरी चुकीचा नव्हता, कारण समुद्रसपाटी आणि लंबगोल यांतला फरक काही किलोमीटरच्या पट्ट्यात फारसा बदलत नाही. संध्याकाळपर्यंत तो करून पाहिला. पायथ्याच्या गावाजवळच्या सपाटीवर दोन्ही पडदे जुळले. पदरावर मात्र जुळले नाहीत. तिथे जमिनीवरच्या पडद्यावर हेलिकॉप्टरचे पोट मातीत रुतलेले दिसत होते.

इथे खरी गाठ उघडी पडली. सह्याद्रीचा हा भाग लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलेला आहे, म्हणून त्याचे कडे उभे आणि पदर सपाट आहेत. जुन्या मोजणीत साधारण दर तीस मीटरवर एक उंची नोंदलेली असते. उभा कडा दोन नोंदींच्या मधे येतो आणि पडद्यावर त्याचा उतार होतो. अरुंद पदर तर त्या उतारात विरघळूनच जातो. थोडक्यात, जमिनीवरच्या पथकप्रमुखाला सपाट, उतरण्याजोगा पदर दिसत होता आणि तीच जागा वैमानिकाला घसरड्या उतारासारखी दिसत होती. आकडा वजा करून हे दुरुस्त होणार नव्हते.

वर्ग अगदी तोंडावर आला होता. ग्राहकाकडून वैमानिक आणि पथक दोघेही येणार होते. पावसाळ्यात खऱ्या उड्डाणांचा सराव कमी होतो, म्हणून त्यांच्या वेळा मुद्दाम तेव्हाच्या ठरवल्या होत्या. पुढे ढकलायचे तर पुन्हा सगळ्यांना एकत्र मोकळे कधी करता येईल, याची खात्री कोणी देत नव्हते. कंपनीचे सल्लागार असलेल्या निवृत्त कर्नल साहेबांसमोर चार वाटा मांडल्या गेल्या.

पहिली, साठ मीटरची दुरुस्ती ठेवून सगळे प्रसंग सपाटीवर घ्यायचे. ग्राहकाच्या प्रतिनिधीला ही पसंत होती आणि सुरुवातीला कर्नल साहेबांचाही कल तिकडेच होता, कारण वेळापत्रक टिकत होते. सुभेदार साहेबांनी तिला विरोध केला. सपाटीवर उतरायला या मुलांना सिम्युलेटर लागत नाही, मैदानावर रोज उतरतात ती, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय दुवा जिथे अडखळतो तीच जागा वगळली तर वर्ग पार पडल्याचे कागदावर दिसेल आणि शिकायचे ते राहून जाईल.

दुसरी, वर्ग थांबवून दोन्ही साधनांसाठी बारीक मोजणीचा एकच भूप्रदेश नव्याने बनवायचा. हेच योग्य होते, पण हेलिकॉप्टरच्या साधनातला चित्र तयार करणारा संगणक जुना होता आणि एवढा तपशील तो पेलेल की नाही, याची शंका होती.

तिसरी वाट ऐकायला विचित्र होती. जमिनीवरच्या पथकाचा चांगला, बारीक पडदा बंद करायचा आणि हेलिकॉप्टरच्या साधनातूनच त्यांच्या जागेवरून दिसणारे दृश्य काढून त्यांना दाखवायचे. चित्र ओबडधोबड राहील, पदर त्यांनाही उतारच दिसेल, पण निदान दोघांचा डोंगर एक असेल. चौथी, पडदे बाजूला ठेवून सँड मॉडेल (जमिनीवर मातीने उभारलेली डोंगराची छोटी प्रतिकृती) आणि रेडिओवर काम भागवायचे.

काही न बदलता वर्ग चालवायचा, हीही एक वाट होती आणि प्रतिनिधीने ती एकदा सुचवलीही. तिच्यातला धोका नीट सांगितला पाहिजे. सिम्युलेटरवर काही न शिकणे हे मोठे नुकसान नाही. चुकीचे शिकणे मात्र फार मोठे आहे. साठ मीटर उंच दिसणाऱ्या हेलिकॉप्टरला पथकप्रमुख सतत ‘खाली या’ सांगत राहतो, आणि आपल्या पडद्यावर सगळे ठीक दिसत असल्यामुळे वैमानिक ते न ऐकायला शिकतो. एकमेकांच्या शब्दावर अविश्वास ठेवायची ही सवय प्रत्यक्ष उड्डाणात जिवावर बेतू शकते.

काय केले

कर्नल साहेबांनी रात्री निर्णय घेतला : वर्ग ठरल्या दिवशीच सुरू करायचा, सकाळचे प्रसंग तिसऱ्या वाटेने आणि कडा-पदराचे प्रसंग चौथ्या वाटेने घ्यायचे, आणि नव्या भूप्रदेशाचे काम लगेच हाती घ्यायचे. ग्राहकाला त्यांनी अडचण लेखी कळवली, आणि कोणता सराव या वर्गात होणार नाही हेही त्यात स्पष्ट लिहिले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय तिसऱ्या वाटेचा होता. दोघांना एकच चुकीचा डोंगर दिसत असेल तर त्यांच्यातले बोलणे तरी खरे राहते.

सँड मॉडेल अंबडच्या शेडमध्येच, जमिनीवर ताडपत्री टाकून उभारले गेले. विटांचे कडे, लाल मातीचा पदर, तळ्याच्या जागी स्टीलचे ताट आणि सुतळीने आखलेली चौकट. वैमानिक आणि पथकप्रमुख मॉडेलच्या दोन बाजूंना एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले आणि हातात खरे रेडिओ संच घेऊन बोलले. तिसरा माणूस काठीच्या टोकाला लावलेले हेलिकॉप्टर त्यांच्या बोलण्याप्रमाणे सरकवत होता. पडद्यांनी न दाखवलेली एक गोष्ट इथे पहिल्याच फेरीत बाहेर आली. पथकप्रमुख स्वतःच्या तोंडाच्या दिशेने डावे-उजवे सांगत होता आणि हेलिकॉप्टर समोरून येत होते, त्यामुळे त्याचे प्रत्येक डावे वैमानिकाचे उजवे ठरत होते. त्यानंतर दिशा नेहमी होकायंत्राच्या अंशांत, आणि जवळ आल्यावर हेलिकॉप्टरच्या नाकाला बारा वाजले मानून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगायची, असे ठरले. हा नियम पुस्तकात होताच. तो पाळला जात नाही, हे काठीने दाखवले.

तिसऱ्या जागेचे काम, म्हणजे दारातून दोर सोडणाऱ्या सहकाऱ्याचे, डोक्यावर घालायच्या पडद्यावर होते आणि त्याचा फारसा त्रास झाला नाही. रात्रीच्या प्रसंगांत नाइट व्हिजन गॉगलचे दृश्य दाखवले गेले. गॉगलमधून एका वेळी साधारण चाळीस अंशांइतकेच दिसते आणि खोलीचा अंदाज फसतो. अशा वेळी उंचीसाठी वैमानिकाचा भरवसा दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या आवाजावर असतो, हे वर्गाला अनुभवता आले.

भूप्रदेश पुन्हा बांधताना दोन गाड्या अंजनेरीला गेल्या. हे वनखात्याचे संरक्षित क्षेत्र असल्याने ड्रोन उडवण्याचा विचार सोडून दिला आणि नेहमीच्या पायवाटेने वर जाऊन देवळाचा चौथरा, तळ्याचा काठ, पायऱ्यांचा माथा अशा सहज ओळखू येणाऱ्या जागांच्या उंच्या हातातल्या जीपीएसवर टिपल्या. जीपीएसचा संच मूळ मोजणी लंबगोलापासूनच करतो, पण वापरणाऱ्याला दाखवताना ती समुद्रसपाटीत बदलून दाखवतो. त्यामुळे वहीत प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या पातळीपासूनचा आहे, हे लिहिण्याची शिस्त लावली गेली.

निष्पत्ती

नवा भूप्रदेश सांगितलेल्या मुदतीत झाला नाही. अपेक्षेप्रमाणे जुना संगणक अडला. पदराजवळ खाली आल्यावर चित्र अडखळू लागले आणि नियंत्रण हलवल्यापासून पडदा हलेपर्यंतचा वेळ वाढला. नागरी विमानवाहतुकीतल्या सर्वोच्च दर्जाच्या सिम्युलेटरमध्ये ही दिरंगाई सेकंदाच्या दशांश ते सातव्या भागाच्या आत असावी लागते, आणि हेलिकॉप्टर एका जागी स्थिर ठेवताना तर वैमानिकाला ती फार लवकर जाणवते. हात पुढे, पडदा मागे अशी स्थिती झाली की पोटात ढवळते. शेवटी बारीक तपशील फक्त उतरण्याच्या ठरावीक जागांभोवती ठेवला, बाकी डोंगर जाडाभरडा राहू दिला आणि दोहोंच्या सीमेवर पायरी दिसणार नाही अशी जोडणी केली.

त्यावर झालेल्या दुसऱ्या वर्गात पदरावरचे स्लिदरिंग पडद्यावर प्रथमच पूर्ण झाले. प्रशिक्षकांनी दोन्ही वर्गांतली रेडिओची ध्वनिमुद्रणे ऐकली, तेव्हा ‘पुन्हा सांगा’ आणि ‘कुठे?’ हे प्रश्न दुसऱ्या वर्गात लक्षणीयरीत्या कमी झालेले आढळले. यातले श्रेय नव्या भूप्रदेशाचे किती आणि सँड मॉडेलवर लागलेल्या शिस्तीचे किती, हे वेगळे काढता येत नाही. सुभेदार साहेबांच्या मते बहुतेक श्रेय मातीचे आहे. अभियंता मॅडमना ते मान्य नाही.

वेगळे काय करता आले असते

ॲक्सेप्टन्स टेस्टमध्ये दोन्ही साधने वेगवेगळी तपासली गेली, ही उघड उणीव होती. तिच्यामागे करार होता. ग्राहकाने दोन पुरवठादारांशी दोन करार केले होते आणि जोडणीचा तिसरा. ‘दोन्ही पडद्यांवर एकच जागा एकाच उंचीवर दिसली पाहिजे’ ही अट तिन्हींपैकी एकातही नव्हती. प्रत्येकाने आपापले काम बरोबर केले होते. अंजनेरीवर टिपलेल्या त्या ओळखीच्या जागांची यादी करून, प्रत्येक जागेवर हेलिकॉप्टर टेकवून दोन्ही बाजूंचे आकडे वाचले असते, तर दोष तासाभरात सापडला असता. ही यादी आता त्या कंपनीच्या तपासणीत आहे आणि जमिनीच्या बाजूचा आकडा दलातून निवृत्त झालेल्या माणसानेच वाचायचा, असे ठरले आहे.

पृष्ठभागावर आपोआप आणून ठेवण्याची सोय चाचणीच्या वेळी बंद ठेवायला हवी होती. ती चालू ठेवण्यामागचे कारण समजण्यासारखे आहे, कारण पाहुण्यांना जमिनीत रुतलेले जवान दाखवायला कोणाला आवडेल? पण पाहुण्यांसमोरचे प्रात्यक्षिक आणि चाचणी ही दोन वेगळी कामे एकाच दिवशी उरकली गेली आणि तिथे चाचणी मागे पडली. सुभेदार साहेबांना सुरुवातीपासून बोलावले असते तर काय झाले असते, हा प्रश्न कंपनीत पुन्हा पुन्हा निघतो. त्यांचे मानधन त्या वेळी अंदाजपत्रकात धरलेले नव्हते.

एक बाब अजून सुटलेली नाही, ती म्हणजे झाडी. दोन्ही साधने झाडे आपापल्या पद्धतीने पेरतात, त्यामुळे पथकप्रमुख ज्या झाडाआड दडला आहे ते झाड वैमानिकाच्या पडद्यावर असेलच असे नाही, आणि त्याला पथक उघड्यावर दिसते. प्रत्येक झाडाची जागा दोन्हीकडे जुळवायची तर जुना संगणक पुन्हा अडतो. तूर्त प्रशिक्षक प्रत्येक प्रसंगाआधी दोन्ही बाजूंना सांगतात की झाडाचा आडोसा धरायचा नाही आणि झाडाची खूण रेडिओवर द्यायची नाही. खूण द्यायची तर देऊळ, तळे किंवा कड्याची धार द्यावी. नवीन संगणकाचा प्रस्ताव ग्राहकाकडे गेला आहे.